पुढची सीट, मागची सीट

भरत मगदूमला सारस स्कूटरची सगळी मापं तोंडपाठ होती. वजन दोनशे शहाऐंशी किलो. दोन चाकांमधलं अंतर एक मीटर एकसष्ट सेंटिमीटर. सीट जमिनीपासून एकोणऐंशी सेंटिमीटरवर. सकाळी जयसिंगपुरातून निघालं तर मधे कुठंही चार्जिंगला न थांबता समुद्र बघून संध्याकाळी घरी परत. मागच्या सीटला टेकायला पाठ, दोन्ही बाजूंना कोपर ठेवायला आधार, थंडीत ऊब देणारी गादी. जेवताना मोबाइल तांब्याला टेकवून तो हे सगळं बायकोला वाचून दाखवायचा आणि ताटातली भाकरी गार होऊन जायची.

"पाय ठेवायला नीट जागा आहे का?" पद्मजा विचारायची.

"अगं, तेहतीस सेंटिमीटर लांबीचं पायदान आहे. एवढं कुठल्याच गाडीला नाही."

"मग घ्या की. रोज वाचून दाखवून मला कशाला विकताय?"

भरतनं तीस वर्षं औषधांच्या कंपनीत विक्री प्रतिनिधी म्हणून काम केलं होतं. बेळगावपासून राजापूरपर्यंतचे दवाखाने त्यानं दुचाकीवरून पालथे घातले होते. प्रत्येक घाट, प्रत्येक वळण त्याला ठाऊक होतं, पण ते सगळं एकट्यानं, पाठीवर नमुन्यांची बॅग घेऊन. पद्मजा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्त झालो की हे सगळं तुला दाखवतो, असं तो तिला लग्न झाल्यापासून सांगत आला होता. मुलगी ऋजुता पुण्यात नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. पद्मजाची शाळाही सुटली. मग त्यांनी सारस घेतली.

ध्रुवांक कंपनीच्या या स्कूटरची ख्याती तिच्या तोलावर होती. सीटखाली दोन जड पोलादी चक्रं हवा काढून घेतलेल्या डब्यात मिनिटाला चौदा हजार फेऱ्यांनी गरगरत असत. फिरता भोवरा आडवा पडायला तयार नसतो, त्याला ढकललं तर तो ढकलणाऱ्याच्या हातावर उलटा जोर लावतो. सारस हाच जोर वापरायची. चक्रांचा आस किंचित तिरका केला की जवळजवळ तीनशे किलोची गाडी दोन माणसांसकट सिग्नलला सरळ उभी राहायची, पाय खाली टेकायची गरजच नाही. साठीच्या आसपासची माणसं या गाडीवर तुटून पडली होती ती याचसाठी.

पण टायरची रस्त्यावरची पकडच सुटली तर भोवराही गाडीला उभं ठेवू शकत नाही. अशा वेळी तो एकच गोष्ट करू शकतो. घसरत जाणाऱ्या गाडीला तो जागच्या जागी फिरवू शकतो, देवघरातल्या घंटेवर हात ठेवून ती वळवावी तसा. म्हणजे समोरच्या भिंतीवर गाडीचं पुढचं टोक आदळायचं की मागचं, हे ठरवणं मशीनच्या हातात आलं होतं. जे टोक आधी आदळेल त्या टोकावरचा माणूस सगळा मार घेणार. दुसऱ्या टोकावरच्या माणसाच्या अंगावरच्या जाकिटात हवा भरणार आणि गाडी त्याला अलगद बाजूला सोडून देणार. गाडी आडवी नेऊन दोघांवर सारखा मार वाटून देणंही शक्य होतं, मात्र वेग जास्त असेल तर त्या अर्ध्या मारानंही दोघं जाण्याची शक्यता मोठी होती. चाचण्यांत हे निघालं तेव्हा कंपनीनं हात वर केले. सरकारी समिती बसली, पुष्कळ वाद झाले आणि शेवटी नियम असा झाला, की हा निर्णय ज्याची गाडी त्यानं घ्यावा आणि गाडी ताब्यात घ्यायच्या आधी घ्यावा.

कोल्हापूरच्या शोरूममध्ये तेजल नावाच्या तरण्या मुलीनं हे सगळं नीट समजावून सांगितलं. हार घातलेली गाडी बाजूला उभी होती. पेढ्यांचा पुडा काउंटरवर होता.

"कुणाला वाचवायचं त्याचे तीन पर्याय आहेत, सर. चालक, मागचे, किंवा समान. तुमच्या अंगठ्याशिवाय बदलत नाही. नंतर कधी बदलायचं असेल तर स्क्रीनवर जाऊन बदलू शकता."

"मागचे," भरत लगेच म्हणाला.

"मॅडमशी बोलून—"

"बोलायचं काय त्यात?"

पद्मजा गाडीच्या आरशात बघून पदर सारखा करत होती. ती वळली. "समान ठेवा," ती म्हणाली.

"समान म्हणजे दोघं जाणार, ऐकलंस ना आत्ता?"

"ऐकलं. तरी समानच ठेवा."

"पद्मजा, लोक थांबलेत. मी चालवणार म्हटल्यावर चूक झाली तर माझी असणार. मार तू का खायचास?"

त्यानं अंगठा टेकवला. तेजलनं टाळ्या वाजवल्या, शोरूममधल्या बाकीच्यांनीही वाजवल्या. पद्मजानं पेढा घेतला तो अर्धाच खाल्ला. भरतला वाटलं, तिला गहिवरून आलंय.

*

त्या वर्षी सगळीकडे हाच विषय होता. घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपऱ्यांपुढं सारस गाड्या रांगेनं उभ्या असायच्या आणि अनोळखी माणसं एकमेकांना विचारायची, "तुमचं कुठं ठेवलंय?" लग्न ठरवताना मुलीकडचे लोक मुलाला हे विचारू लागले होते. इचलकरंजीत एका नव्या नवरीला हळदीचा रंग जायच्या आत कळलं की नवऱ्याचं 'चालक'वर आहे, ती माहेरी निघून गेली ती परत आलीच नाही. मित्रामित्रांत अबोले धरले गेले. आजवर ही गोष्ट कुणी कुणाला विचारली नव्हती, आता विचारायची सोय झाली होती.

भरतला हा प्रश्न आवडायचा. "मागचे," असं तो कपात फुंकर मारत सांगायचा आणि ऐकणाऱ्या बायका पद्मजाकडे बघायच्या. एकदा दाजीपूरच्या पुढं एका टपरीवर असंच झालं. परत गाडीवर बसताना पद्मजा म्हणाली, "दर वेळी सांगायलाच पाहिजे का?"

"विचारलं म्हणून सांगितलं."

"मला उपकारावर बसल्यासारखं वाटतं."

त्यानं ते हसण्यावारी नेलं. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागं बसली आणि ते फोंडा घाट उतरू लागले.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर डोंगरातून पाणी झिरपून रस्त्यावर शेवाळ धरलं होतं. सावलीत ते दिसलं नाही. मागचं चाक सुटलं. पुढं जे झालं ते डोळ्याचं पातं लवावं इतक्यात झालं, पण भरतच्या हातांनी ते पुरतं ओळखलं. सीटखालून एक घरघर आली आणि हँडल त्याच्या मुठीत आपणहून वळलं. तो डावीकडे खेचत होता, गाडी उजवीकडे वळत होती. समोर कातळ होता, काळा, ओला, त्यावर कुणीतरी पिवळ्या रंगात बाण काढलेला. गाडीनं त्याला त्या बाणाच्या नेमक्या समोर आणून धरलं. माणूस दरवाजात उभा राहून हातातली वस्तू पाहुण्यासमोर धरतो तसं.

मग चाकाला कोरडी जमीन लागली, चक्रांनी गाडी सावरली आणि ती वळण घेऊन खाली निघाली.

"काय झालं?" पद्मजानं मागून विचारलं.

"काही नाही. थोडी घसरली."

खाली फोंड्यात पोचल्यावर त्यानं गाडी थांबवली आणि लघवीला जातो म्हणून झाडामागं गेला. तिथं त्यानं रिकाम्या मुठी हँडल धरल्यासारख्या वळवून पाहिल्या, आधी डावीकडे, मग उजवीकडे. गाडीनं चूक काहीच केली नव्हती. त्यानं सांगितलं होतं तेच ती करायला निघाली होती.

त्यानंतर भरतचं चालवणं बदललं. वळण आलं की त्याच्या मानेत दगड बसल्यासारखं व्हायचं. सपाट रस्त्यावरही तो ट्रकच्या मागं कितीतरी वेळ रखडायचा. एकटा बाहेर पडला की मात्र तो पूर्वीसारखा सुसाट जायचा, कारण मागची सीट रिकामी असली की मशीन चालकालाच वाचवतं. हे त्याला त्या मापांसारखंच पाठ होतं. मग तो एकटाच जास्त बाहेर पडू लागला. "आज ऊन फार आहे, तू कशाला येतेस," असं म्हणू लागला. पद्मजा चित्रांची वही पिशवीत घालून तयार असायची, ती वही परत काढून ठेवायची.

मरणाला आपण भीत नाही, असं तो स्वतःबद्दल समजत आला होता. आता त्याला कळलं, की तसं त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. शोरूममध्ये पेढे होते, टाळ्या होत्या. तिथं त्यानं उत्तर दिलं ते त्या मुलीला दिलं होतं. कातळानं विचारलं तेव्हा त्याच्या हातांनी वेगळं उत्तर दिलं.

'समान' करावं, असं त्याच्या मनात आलं. तिनंही तेच म्हटलं होतं. पण समान करायचं तर तिला सांगावं लागलं असतं, आणि का, तेही सांगावं लागलं असतं. एका दुपारी पद्मजा शेजारच्या बाईंबरोबर बाजारात गेली होती. त्यानं गाडीवरचं आच्छादन काढलं, स्क्रीन लावली, अंगठा टेकवला. तीन नावं समोर आली. 'समान'वर त्याचं बोट थोडं थांबलं. मग त्यानं 'चालक' दाबलं. थोडेच दिवस, असं तो स्वतःला म्हणाला. भीती मोडली की परत करू.

*

भीती मोडली. हेच वाईट झालं. मानेतला दगड गेला आणि भरत पुन्हा पहिल्यासारखा चालवू लागला, वळणाला झुकत, गुणगुणत. तो पद्मजाला स्वतःहून चल म्हणू लागला. त्या हिवाळ्यात ते जेवढे हिंडले तेवढे आयुष्यात हिंडले नव्हते. आंबोलीला धुक्यात थांबले, विजयदुर्गाच्या तटावर बसून तिनं होड्या काढल्या, देवगडला एका खानावळीत दोघांनी एका ताटात जेवण केलं. टपरीवर कुणी विचारलं तर भरत अजूनही म्हणायचा, "मागचे." ते म्हणताना पूर्वीपेक्षा जरा हळू म्हणायचा, एवढंच.

परत बदलायचं राहून गेलं.

अणुस्कुरा घाटात ते वर चढत होते. ऊन स्वच्छ होतं, रस्ता नवा होता. पुढं कुठल्यातरी डंपरमधून खडी सांडली होती, वळणावर, अगदी आतल्या बाजूला. चाक सुटलं. ती घरघर पुन्हा आली. या वेळी हँडल दुसरीकडे वळलं. भरतच्या डोळ्यांसमोरून डोंगर गेला, आभाळ गेलं, आणि त्याला आपण आलो तो रस्ता दिसू लागला, मागं मागं जाणारा. त्याचं जाकीट फुगलं. कुणीतरी उचलून ठेवावं तसा तो डांबरावर आला आणि घसरत थांबला. आवाज त्यानंतर आला. दगडी कठड्याचा आणि पोलादाचा.

तो उठला. त्याला सहज उठता आलं. कोपर खरचटलं होतं.

पद्मजा कठड्याला टेकून बसली होती. डोळे उघडे होते. "पाय कुठं आहेत माझे?" तिनं विचारलं. पाय तिथंच होते, सरळ, नीट, चपलांसकट.

*

कोल्हापूरच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, की कमरेच्या वरचा मणका चिरडलाय, जीव वाचलाय, पाय परत चालणार नाहीत. ऋजुता पुण्याहून आली ती रडली नाही. आईच्या केसांतून तिनं फणी फिरवली आणि बाहेर येऊन बाकावर भरतच्या शेजारी बसली.

"अण्णा, तुमचं 'मागचे'वर होतं ना?"

भरतनं मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"मग आईला काही व्हायलाच नको होतं. मशीननं उलटं केलंय. मी सोडणार नाही त्यांना."

"आधी तिचं बघू."

"आईचं बघतेच आहे. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही तर स्वतःचा जीव पणाला लावला होता."

तिनं वकील गाठला. वर्तमानपत्रात बातमी आली: निवृत्त पतीनं पत्नीला प्राधान्य दिलं, मशीननं दगा दिला. जयसिंगपुरातून लोक भेटायला आले, भरतचा हात हातात घेऊन बसले. शोरूममधल्या तेजलला वार्ताहरांनी गाठलं. साहेबांनी माझ्यासमोर 'मागचे' निवडलं होतं, असं ती रडत म्हणाली, आणि ते खरंच होतं. ठिकठिकाणी लोक सारस गाड्या परत करू लागले.

कंपनीकडून नाडगौडा नावाचे एक इंजिनिअर आले. चष्मा लावलेले, मवाळ बोलणारे. तोल सांभाळणारी ती चक्रं त्यांच्याच विभागात तयार झाली होती. ऋजुता औषधं आणायला खाली गेली होती. ते भरतला गॅलरीत घेऊन गेले.

"मगदूमसाहेब, गाडीत सगळं नोंदलेलं असतं. मी पाहिलंय. कोर्टात ते निघेलच, त्याला मी काही करू शकत नाही. तुमच्या घरच्यांना ते कोर्टात कळावं असं मला वाटलं नाही, म्हणून आलो."

भरत गॅलरीच्या गजाला धरून उभा राहिला. खाली रिक्षावाले चहा पीत होते.

"तुमच्याकडे कोणत्यावर आहे?" त्यानं विचारलं.

"मी ही गाडी घेतली नाही," नाडगौडा म्हणाले. "बायको म्हणाली होती, घेऊ या. मी नको म्हटलं."

*

भरत आत गेला. पद्मजा उशीला टेकून होती, तिच्या मांडीवर ऋजुतानं आणलेली संत्री होती आणि ती एक सोलत होती. तो खुर्चीवर बसला.

"तुला एक सांगायचंय. गाडीचं."

"बदललं होतं तुम्ही," पद्मजा म्हणाली.

तिनं संत्र्याची फोड वेगळी केली, तिची शीर काढली.

"तुला कोणी सांगितलं? तो इंजिनिअर?"

"कोण इंजिनिअर? मला कुणी सांगायला कशाला पाहिजे? मी वर्षभर तुमच्या पाठीला लागून बसले होते. फोंड्याच्या घाटानंतर तुमची पाठ लाकडासारखी झाली होती. मी टेकले की अंग चोरायचात. मग एक दिवस ती मऊ झाली. गाणं म्हणायला लागलात. भीती अशी एका दिवसात जात नाही हो कुणाची."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? बदलून टाका म्हणायचं? तुम्ही बदललं असतं. आणि मला घरी ठेवून एकटे हिंडला असतात." तिनं फोड तोंडात घातली आणि बराच वेळ चावली. "मला यायचं होतं. होड्या बघायच्या होत्या. म्हटलं, बसू. काही होईलच असं थोडंच आहे."

भरतनं तिच्या हाताकडे हात नेला. तिनं हात काढून घेतला नाही, नुसता संत्र्यावरच ठेवला.

"पण मी समजून घेतलं म्हणजे माफ केलं, असं धरून चालू नका," ती म्हणाली. "मी समान म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही ऐकलं असतं तर तुमच्याबरोबर मेले असते नाहीतर तुमच्याबरोबर जगले असते. तुम्हाला मोठेपणा पाहिजे होता. तो झेपला नाही, तर मला येऊन सांगायचं. मी काय हसले असते तुम्हाला?"

"नाही."

"ऋजुताला तुम्ही सांगायचं. आज. मी सांगणार नाही."

ऋजुता औषधांची पिशवी घेऊन आली तेव्हा भरतनं तिला पलंगाच्या पायथ्याशी बसवलं आणि सगळं सांगितलं. फोंड्याचा कातळ, तो पिवळा बाण, ती दुपार. भीती वाटली, असंही सांगितलं. सांगताना त्याचा आवाज दवाखान्यांतून औषधांची माहिती द्यायचा तसा सपाट झाला होता. सांगून झाल्यावर ऋजुतानं आईकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

ऋजुता उठली आणि खिडकीपाशी गेली. तिथूनच तिनं वकिलाला फोन केला. "खटला मागं घ्यायचाय," ती म्हणाली. "नाही, पैशाचा प्रश्न नाही. चूक मशीनची नव्हती." फोन ठेवून ती तशीच पाठमोरी उभी राहिली. "मी सगळ्यांना सांगत होते, अण्णा. ऑफिसात, सासरी. माझे वडील कसे आहेत ते."



*

इस्पितळातून सोडताना घरी कसं न्यायचं, यावर भरतनं बराच विचार केला होता. दाराची पायरी फोडून उतार करून घेतला होता, न्हाणीघरात लोखंडी दांडे बसवून घेतले होते, खालच्या खोलीत पलंग खिडकीजवळ सरकवला होता. पद्मजा घरी आली, चार-सहा आठवडे राहिली. तिला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घ्यायचं त्यानं शिकून घेतलं. एक हात पाठीमागून, एक गुडघ्यांखालून. ती त्याच्या गळ्यात हात टाकायची, कारण टाकल्याशिवाय उचलता येत नसे. दोघं त्या वेळी एकमेकांकडे बघत नसत. जेवणात मीठ जास्त झालं, पाणी तापलंय, असं बोलणं व्हायचं. बाकी शेजारपाजारच्यांनी येणं हळूहळू थांबवलं होतं, बातमी आता त्यांनाही कळली होती.

एका रविवारी ऋजुता आणि तिचा नवरा मोठी गाडी घेऊन आले. पद्मजाची बॅग आधीच भरलेली होती. भरतला ती सकाळीच पलंगाखाली दिसली होती, त्यानं विचारलं नव्हतं.

"किती दिवसांसाठी?" त्यानं आता विचारलं.

"राहायला चाललेय," पद्मजा म्हणाली. "तिथं लिफ्ट आहे. खाली बाग आहे, चित्रं काढायला बरं पडेल."

"मी येऊ का? मी इथलं बंद करून—"

"नको." ती हे रागानं म्हणाली नाही. "तुम्ही माझं सगळं करता, नीट करता. पण दर वेळी उचलताना तुम्ही भीत असता. मला कळतं ते. मला आता कुणाच्या भीतीवर बसायचं नाही."

जावयानं तिला उचलून गाडीत ठेवलं. ऋजुतानं मागचं दार उघडून उशी लावली होती, पण पद्मजानं मान हलवली आणि पुढं बसवायला सांगितलं. ऋजुतानं सीट मागं घेतली, आईचे पाय हातांनी उचलून आत ठेवले, पट्टा लावला. भरत फाटकाशी उभा होता. त्याला वाटलं, काहीतरी द्यावं बरोबर, पण हाताशी काहीच नव्हतं.

पद्मजानं काच खाली घेतली.

"फोन करा," ती म्हणाली. "रोज करू नका."

"बरं."

"आणि जेवत जा वेळेवर."

गाडी गल्लीच्या टोकाला जाऊन पुण्याच्या रस्त्याला लागली. भरत आत आला. खालच्या खोलीत पलंगावरची चादर एका बाजूनं चुरगळली होती, ती बसायची तिथं. त्यानं ती ओढून सरळ केली. मग चाकाची खुर्ची इथंच राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. तो ती ढकलत उतारावरून खाली, रस्त्यापर्यंत गेला. रस्ता दोन्हीकडे मोकळा होता. पुण्यात त्यांनी दुसरी घेतली असणार. तरी तो खुर्चीच्या मुठी धरून बराच वेळ तिथं उभा राहिला.